वीस मीटर पिवळी दोरी

प्रिय पाणकोंबडे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. विचारलं आहेस एवढंच, की आत्या, त्या मास्तरांना तू दोरी किती लांब कापून दिली होतीस? एका ओळीचा प्रश्न, उत्तर दोन शब्दांचं. तरी आज गुरुवार उजाडला. मी कागद पुढे ओढते आणि पुन्हा उठून मशीनवर जाऊन बसते. फोन करून का नाही सांगितलंस, असं तू म्हणशील. फोनवर मी बेमालूम खोटं बोलते, ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे. कागदावर मला ते जमत नाही. लिहिलेलं समोर दिसतं आणि मग पुढचं सुचत नाही.

आधी खुशाली. माझे गुडघे कुरकुरतात, मशीन कुरकुरत नाही. यंदा बंदरातल्या सगळ्या होड्यांची आच्छादनं ठरवून एकदम फाटली आहेत, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कात्री कापडाच्या ढिगात गडप झाली की अर्धा दिवस तिच्या शोधात जातो. तुझा बाबा बरा आहे, असं म्हणायचं. लाँच वेळेवर सोडतो, पण पलीकडे वेळेवर पोचत नाही. तुला ऐकून बरं वाटेल, की गेले तीन आठवडे तो पाण्यातल्या प्रत्येक लाल-पांढऱ्या निशाणाला वळसा घालून जातो. एकही सोडत नाही. चांगला शंभर मीटर लांबून, इंजिन मंद करून. वीस मिनिटांच्या फेरीला पाऊण तास लागतो. कामावर जाणारी माणसं कटकट करतात. शाळेच्या बाई तर तोंडावर म्हणाल्या, की याहून मी पोहत लवकर जाईन. तो ऐकून घेतो. तुझा बाबा, ऐकून घेतो! गेल्या सुट्टीत तू याच गोष्टीवरून त्याच्याशी भांडून ताटावरून उठली होतीस. तेव्हा त्याने तुला हसण्यावारी नेलं होतं.

तुझा अहवाल जवळजवळ झाला आहे, असं तू लिहिलंस. मास्तरांचं निशाण ते सापडले तिथून चारशे मीटरवर खडकात अडकलेलं मिळालं, त्याला जेमतेम तीन मीटर दोरी होती, म्हणजे दोरी मुळातच तोकडी, आणि मास्तर आपल्या निशाणाला सोडून भरकटले. वर आले तेव्हा कुठली तरी बोट डोक्यावरून गेली, पण बोटवाल्याला दोष देता येणार नाही, कारण जिथे निशाण नाही तिथे माणूस आहे हे त्याला कळणार कसं? चूक मेलेल्या माणसाची. सोमवारी तू सही करणार. बंदर कचेरीने मुद्दाम तुला बोलावलं, कारण तू याच खाडीत वाढलीस आणि आता लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवतेस. तुझा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुला यातलं बरंच माहीत आहे, पण सुरुवात माझ्या दुकानात झाली, ते माहीत नाही. लाल कापड आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरा तिरका पट्टा, हे पहिलं निशाण मी तुझ्यासाठी शिवलं, तू सतरा वर्षांची होतीस तेव्हा. खाली माणूस आहे, लांबून जा, हळू जा, असा त्याचा अर्थ तू मला मशीनशेजारी बसून समजावून सांगितला होतास; निशाण वर तरंगतं आणि त्याच्या दोरीचं टोक खाली त्या माणसाच्या हातात असतं, हेही. तेव्हा खाडीत तेवढं एकच निशाण होतं आणि तुझा बाबा लाँच पार पलीकडच्या काठाला घासत न्यायचा. मग ती सुट्टीवाल्यांची वेगवान होडकी आली. खेकड्यांचे पिंजरे टाकणाऱ्यांचे हाल सुरू झाले. पिंजरा तळाशी, वर एवढासा बोया, आणि मधली दोरी इंजिनाच्या पंख्यात सापडून कापली जायची. सकाळी जाऊन बघावं तर पिंजरा गेला तळाशी कायमचा. एक दिवस तो मिशीवाला पिंजरेवाला दुकानात येऊन रडकुंडीला आला. मी दोरा ओवत होते. मी म्हटलं, अरे बाबा, खेकड्याला कोण भितंय? माणसाचं निशाण लाव बोयावर, मग बघ कसे वळसे घालतात ते. चेष्टा होती ती. दुसऱ्या दिवशी तो लाल कापड घेऊनच हजर.

मी शिवून दिलं. काय बिघडतं, म्हटलं. आणि खरंच, त्याचा एकही पिंजरा गेला नाही. मग त्याचा मेहुणा आला, मग शेजारचे, मग पलीकडच्या काठावरचे. काही जणांनी तर पिंजरे नसताना नुसती जागा धरून ठेवायला निशाणं लावली. दोन वर्षांत धक्क्यावरून बघितलं तर पाण्यावर लग्नघरासारखं लाल-पांढरं दिसायला लागलं. आणि बोटवाल्यांना काय, डोळे आहेतच. पहिलं वर्ष त्यांनी वळसे घातले. मग त्यांच्या लक्षात आलं, की या निशाणांखालून माणूस कधी निघत नाही, पिंजराच निघतो. तुझ्या बाबाने सगळ्यांत आधी वळसे सोडले. सरळ मधून लाँच काढायचा. दोरी अडकून हिसका बसला तर वेग वाढवायचा, की दोरी तुटते. वर म्हणायचा, खेकडे हल्ली बुड्या मारायला शिकलेत. लाँचमधली माणसं हसायची. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू.

तू सुट्टीत आलीस तेव्हा एक निशाण पाण्यातून उचलून घरी आणलंस, आठवतं? उलटं करून शिवण बघितलीस आणि मग माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, हल्ली बाजारात तयार मिळतात. रात्रीच्या जेवणाला सगळा राग बाबावर काढलास, की एक दिवस तुम्ही कुणाचा तरी जीव घेणार. मी मूग गिळून भाजी वाढत राहिले.

आता मास्तरांचं. तो शनिवार होता. मास्तर दुकानात आले, त्यांची बायको बाहेर बाकावर विणत बसली होती. किडकिडीत माणूस, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. गणित शिकवायचे. पाण्याखालच्या गवतात बोटभर लांबीचे घोडमासे असतात, ते बघण्यासाठी दरवर्षी सुट्टी घेऊन कुठे कुठे उतरायचे. निशाणाची कड उसवली होती, ती शिवून हवी होती, आणि नवी दोरी हवी होती. किती चौकशा! पाणी किती खोल, भरतीला किती वाढतं, दोरी त्याच्या दुप्पट हवी. पिवळीच द्या, म्हणजे खाली मला दिसेल. मी वीस मीटर मोजून कापली. त्यांनी स्वतः वितीने पुन्हा मोजली आणि ओशाळून म्हणाले, सवय आहे हो, रागावू नका. टोकं उसवू नयेत म्हणून मी दोन्हीकडे दोरा गुंडाळून गाठवून दिली. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळा वापरला. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, इथले बोटवाले निशाण बघून लांबून जातात ना? माझ्या मागे खुंटीवर पिंजऱ्यांची नऊ निशाणं अर्धी शिवून लटकत होती. मी म्हटलं, जातात की, अगदी लांबून जातात.

हे वाक्य मी तीन आठवडे रोज ऐकते आहे, पाणकोंबडे. मशीनचं चाक फिरायला लागलं की मला ते ऐकू येतं. गिऱ्हाईक होतं, बाहेर ऊन छान होतं, नाही म्हणून त्याचा विरस कशाला करा, एवढाच विचार केला होता मी.

रविवारी सकाळी ते बुडालेल्या जुन्या शिडाच्या पडावाजवळ उतरले. बायको काठावर त्यांच्या चपला आणि चष्मा घेऊन बसली होती. आठची पहिली लाँच गेली, मागोमाग दोन होडकी गेली. सूर्य समोर होता, पाणी नुसतं चकाकत होतं, तिला काही धड दिसलं नाही. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की निशाण जिथे होतं तिथे नाही. तिला वाटलं, ते पुढे सरकले असतील. तिने दुपारपर्यंत वाट बघितली. पिंजरेवाल्यांनीच त्यांना वर काढलं. कचेरीने प्रत्येक बोटवाल्याला विचारलं आणि प्रत्येकाने हात वर केले. तुझ्या बाबानेही.

सोमवारी सकाळी त्याने लाँच ओढून वर घेतली. पंखा साफ करायचा आहे म्हणाला. मला हाक मारली, की तुझी ती वाकड्या पात्याची सुरी घेऊन ये. मी गेले. तो लाँचखाली आडवा पडून पंख्याच्या दांड्यात हात घालत होता. दोरी इतकी करकचून गुंडाळली होती, की वेढे एकमेकांत वितळून चिकटले होते. म्हणाला, मेल्या पिंजऱ्याची आहे. तीस वर्षं मी दोऱ्या विकते. पिंजऱ्याची दोरी काळी असते, अंगठ्याएवढी जाड, डांबराचा वास येतो. ही बारीक होती आणि पिवळी होती. तो वेढा वेढा कापत माझ्याकडे देत गेला आणि मी ओंजळीत घेत गेले. शेवटी टोक आलं. टोकाला निळा दोरा होता.

मी ते टोक मुठीत मिटलं. पण माझा चेहरा तुला माहीत आहे, आरसा बरा. त्याने एकदा वर बघितलं आणि म्हणाला, चुलीत घाल ते. मी घरी येऊन चूलही पेटवली, धूर दिसावा म्हणून. दोरी नाही घातली. धुतली, वाळवली आणि मोजली. तुकडे जुळवून सतरा मीटर भरली, वर चार बोटं. निशाणाला तीन मीटर राहिली होती, असं तूच लिहिलं आहेस.

त्या संध्याकाळी तो आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, हिसका बसला. पिंजरा वाटला. नेहमीसारखा वेग वाढवला. पुढे गेल्यावर तुटल्यासारखं झालं. मागे वळून नाही बघितलं. आत चौदा माणसं होती, कुणीच नाही बघितलं. एवढं बोलला आणि गेला, त्यानंतर या विषयावर एक अक्षर नाही. धक्का जाणवला नाही, नुसता हिसका, हेही तेव्हाच म्हणाला. मास्तरांच्या डोक्याला लागलं ते लाँचचं की मागून आलेल्या होडक्याचं, हे मला कळत नाही आणि त्यालाही कळत नाही. पण हातातली दोरी अशी ओढली गेली, की माणूस काय झालं ते बघायला वर येणारच, हे तूच मला सांगितलं होतंस. ते वर आले तेव्हा त्यांचं निशाण माझ्या भावाच्या लाँचमागे ओढलं जात होतं. चारशे मीटर मास्तर भरकटले नाहीत, निशाण गेलं. तो माणूस जिथे असायला हवा होता तिथेच होता.

मी हे तीन आठवडे पोटात ठेवलं. का ठेवलं, ते तुला सांगायला नको. आईवडील गेल्यावर मला त्याने सांभाळलं, तुझी आई गेल्यावर तुला सांभाळलं, एका लाँचवर. ती लाँच गेली तर तो काय करेल, मला सुचत नाही. तुरुंगही होईल कदाचित. मला त्याची दया येते आणि त्याच श्वासात त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. झाकली मूठ म्हणून मी गप्प बसले, बोटवाला सापडणार नाही, लोक विसरतील, असं म्हणत बसले. मग गेल्या आठवड्यात मास्तरांची बायको राहिलेलं सामान न्यायला आली आणि माझ्या दुकानात शिरली. बसली. पाणी दिलं तर पेला हातात धरून राहिली. कचेरीतून तिला कुणीतरी अहवालाचं कानावर घातलं होतं. ती म्हणाली, घरातून निघताना गॅसची कळ तीनदा बघणारा माणूस हो, तो असा निष्काळजी कसा वागला? तुम्हाला त्या दिवशी तसा वाटला का? मला फक्त तेवढंच सांगा. आणि मी म्हटलं, मला काय ठाऊक बाई, मी दोऱ्या विकते.

ती गेल्यावर मी खुंटीवरची सगळी निशाणं उसवली. मिशीवाल्याकडे गेले, त्याच्या मेहुण्याकडे गेले, पलीकडच्या काठावरही जाऊन आले. म्हटलं, काढा रे ती निशाणं, माणूस गेला त्यापायी. ते म्हणाले, मास्तर स्वतःच्या चुकीने गेला, कचेरीच म्हणते. तुझा अहवाल पुरता लिहून व्हायच्या आधीच लोक त्याच्याकडे बोट दाखवायला लागलेत, बघ. आता मी शिवत नाही म्हटल्यावर ते प्लास्टिकची छापील आणतात. परवा मी धक्क्यावरून बघितलं, पूर्वीपेक्षा जास्तच आहेत. वारा नव्हता, सगळी गप्प लोंबकळत होती. एक होडकं त्यांच्यातून सुसाट गेलं, चालवणारा मागे वळून कुणाशी तरी बोलत होता. आणि रविवारी तू तिथेच, त्या पडावाजवळ, शेवटची मापं घ्यायला एकटी उतरणार आहेस, असं लिहिलंस. स्वतःचं निशाण लावून उतरेन, काळजी नको, असंही लिहिलंस. बयो, या खाडीत तुझ्या निशाणाला आता काडीची किंमत नाही. ती मीच घालवली. उतरायचंच असेल तर वर बोटीत एक माणूस उभा कर, जो हात हलवेल, ओरडेल, आडवा जाईल. नाहीतर उतरू नकोस, हात जोडते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, वीस मीटर. सोबत वेगळ्या कागदावर दोरीची हकीकत नाव-सहीनिशी लिहून जोडली आहे, निळ्या दोऱ्यासकट आणि माझ्या खोट्यासकट. दोरी दुकानात आहे, कचेरीतल्या माणसाने येऊन न्यावी. तू तोंडाने काही बोलू नकोस, नुसता तो कागद पुढे कर. बापाविरुद्ध मुलीने बोलू नये म्हणून बहीण बोलते आहे. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. दुपारची फेरी करून तो आला की त्याला समोर बसवून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे, आणि मग त्याच्याच हातात देणार आहे. उद्या लाँचच्या फेऱ्या बंद ठेव, पलीकडे जाऊन बस धर आणि पोरीच्या हातात दे, असं सांगणार आहे. वाटेत खाडी आहे, त्याच्या मनात आलं तर कागद बुडायला क्षण पुरे. तसं झालं तर सोमवारी मी स्वतः कचेरीत जाईन, पण ते तुला इथे वाचायला मिळणारच नाही. तू हे वाचते आहेस, म्हणजे त्याने ते आणलं आहे. आत यायचा धीर त्याला होणार नाही, तो बाहेर जिन्यात उभा असेल. दार उघड. मग काय बोलायचं ते बोल.

तुझीच,
निशाणं शिवणारी आत्या